पोकरमधील पैजेच्या रचना : पत्ते तेच, मग खेळ वेगळा का वाटतो?

चौकटगुलाम

नमस्कार. गेली काही वर्षे मी आणि माझे चार-पाच मित्र पैसे न लावता, केवळ चिप्स मोजून पोकर खेळत आलो आहोत, आणि आमचा खेळ म्हणजे फिक्स्ड लिमिट होल्डम (प्रत्येकाच्या हाती दोन पाने आणि मध्ये पाच सामाईक पाने). गेल्या महिन्यात एका नव्या गड्याच्या आग्रहावरून आम्ही पॉट लिमिट ओमाहा (हाती चार पाने असलेला प्रकार) मांडला आणि पहिल्याच तासाला माझी फजिती झाली. पॉटमध्ये, म्हणजे सर्वांच्या पैजांच्या मधल्या राशीत, १०० चिप्स होत्या, समोरच्याने ६० लावल्या, माझ्या हाती उत्तम पाने होती, म्हणून मी मोठ्या ऐटीत "पॉट" असे म्हणालो आणि १६० चिप्स पुढे सरकवल्या. पाने वाटणाऱ्याने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि शांतपणे सांगितले की अजून १२० हव्यात. मला वाटले, तोच चुकतो आहे. १०० आणि ६० मिळून १६० होतात, यात वाद घालण्यासारखे काय आहे?

माझी आजवरची समजूत अशी आहे : फिक्स्ड लिमिटमध्ये पैजेची रक्कम ठरलेली असते, पॉट लिमिटमध्ये पॉटइतकी कमाल मर्यादा असते, आणि नो लिमिटमध्ये समोर मांडलेल्या सगळ्या चिप्स कोणत्याही पाळीला लावता येतात. म्हणजे फरक केवळ कमाल आकड्याचा. परंतु त्या रात्री मला सतत असे जाणवत होते की मी दुसराच खेळ खेळतो आहे, कारण जिथे धीर धरायला हवा तिथे मी घाई करत होतो आणि जिथे पाने टाकून द्यायला हवीत तिथे सवयीने कॉल करत होतो, म्हणजे समोरच्याइतक्या चिप्स देऊन डावात राहत होतो. जाणकारांनी दोन गोष्टी समजावून द्याव्यात : पॉट नेमका कसा मोजतात, आणि कमाल आकडा बदलल्याने खेळाचे अंतरंग एवढे का बदलते?

इस्पिकराणी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. दुसऱ्यासाठी इथे माझ्याहून अधिकारी मंडळी आहेत.

रेझ करणारा, म्हणजे पैज वाढवणारा, आधी कॉल करतो असे मनात धरायचे, आणि कॉल झाल्यावर पॉटमध्ये जितक्या चिप्स होतील तितकी वाढ त्याला करता येते. तुमच्या डावात आधीच्या १००, समोरच्याच्या ६० आणि तुमच्या कॉलच्या ६० मिळून २२० होतात. ही २२० म्हणजे केवळ वाढ झाली. तिच्यात कॉलच्या ६० मिळवल्या की २८० होतात. तुम्ही १६० ठेवल्या होत्या, म्हणून १२० कमी पडल्या. वाटणारा बरोबर होता.

टेबलावर एवढी बेरीज करत बसायला वेळ नसतो, म्हणून बहुतेक जण शेवटच्या पैजेची तिप्पट करून तिच्यात उरलेला पॉट मिळवतात : ६० ची तिप्पट १८०, अधिक १००, म्हणजे २८०. पहिल्या फेरीतही हेच सूत्र चालते. ब्लाइंड (पाने पाहण्याआधी दोघांनी द्यायच्या सक्तीच्या पैजा) ५ आणि १० असतील तर पहिला खेळाडू १० ची तिप्पट ३० आणि छोट्या ब्लाइंडच्या ५ धरून एकूण ३५ पर्यंत जाऊ शकतो. त्याच्या पुढच्याला पुन्हा पूर्ण पॉट रेझ करायचा असेल तर ३५ ची तिप्पट १०५ आणि दोन्ही ब्लाइंडच्या १५ मिळून १२० होतात. ज्याच्या चिप्स त्याच फेरीत आधी आत गेल्या आहेत, त्याने मात्र त्या स्वतःच्या चिप्स उरलेल्या पॉटमध्ये धरायच्या नाहीत. इथे अनुभवी माणसेही चुकतात.

आणखी एक गोष्ट. तुम्ही "पॉट" हा शब्द तोंडाने उच्चारला होता. पाळी आपली असताना बोललेला शब्द बंधनकारक असतो, त्यामुळे हाताने किती चिप्स सरकवल्या याला नंतर अर्थ उरत नाही आणि २८० द्याव्याच लागतात. नो लिमिटमध्ये मात्र नुसते "पॉट" म्हणणे चालत नाही. तिथे वाटणारा तुमच्यासाठी पॉट मोजून देत नाही, आकडा तुम्हीच सांगायचा असतो.

बेरीजवजाबाकी

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. फरक केवळ कमाल आकड्याचा आहे हे वाक्य चूक नाही, परंतु तो आकडा कशाच्या तुलनेत आहे हे त्यात सांगितलेले नाही. पैजेचे मोठेपण पॉटच्या मानाने मोजायचे असते, आणि फिक्स्ड लिमिट व बाकीच्या दोन रचना इथेच वेगळ्या होतात.

तुमचाच नेहमीचा खेळ घेऊ. १०/२० फिक्स्ड लिमिट याचा अर्थ पहिल्या फेरीत आणि फ्लॉपवर (पहिली तीन सामाईक पाने उघडल्यावर) प्रत्येक पैज व प्रत्येक रेझ १० ची, तर टर्न (चौथे पान) आणि रिव्हरवर (पाचवे पान) २० ची. एका फेरीत बहुतेक ठिकाणी एक पैज आणि तीन रेझ होऊ शकतात. काही ठिकाणी चार रेझ चालतात. एक पैज आणि तीन रेझ धरल्यास एका डावात एका खेळाडूच्या जास्तीत जास्त ४०, ४०, ८० आणि ८० म्हणजे २४० चिप्स जाऊ शकतात. समोर दोन हजारांची रास असली तरी डावाची कमाल किंमत आधीच ठरलेली आहे.

आता चार जणांनी १०-१० देऊन फ्लॉप पाहिला असे समजा. ब्लाइंडवालेही त्याच चौघांत आहेत, म्हणून पॉट ४० आहे. फ्लॉपवर एकाने १० लावल्या, तिघांनी कॉल केले, पॉट ८० झाला. तुमच्या हातात दोन बदाम आहेत, फ्लॉपवर दोन बदाम आले होते, आणि टर्नवर पडले इस्पिकाचे पान. पहिल्याने २० लावल्या, मधल्या दोघांनी पाने टाकली. पॉटमध्ये १०० आहेत आणि तुम्हाला २० द्यायच्या आहेत, म्हणजे पाचास एक असा भाव मिळतो आहे. पाच बदाम पुरे व्हायला न दिसलेल्या ४६ पानांपैकी ९ बदामांतला एक तुम्हाला हवा आहे, म्हणजे शक्यता सुमारे १९.६ टक्के, तर कॉल फायद्याचा ठरण्यासाठी १६.७ टक्के पुरेसे आहेत. डोळे मिटून कॉल करा.

हीच पाने, हाच ८० चा पॉट, पण रचना पॉट लिमिट किंवा नो लिमिट असेल तर समोरचा ८० लावू शकतो. आता १६० मिळवण्यासाठी ८० द्यायच्या आहेत, भाव दोनास एक आहे आणि ३३.३ टक्के शक्यता हवी आहे. तुमच्याकडे १९.६ आहे. बदाम आल्यावर रिव्हरला समोरच्याकडून सरासरी आणखी १६९ चिप्स मिळतील अशी खात्री असेल तरच हा कॉल तोट्यातून बाहेर येतो, आणि तिसरा बदाम पडलेला पाहून समोरचा माणूस एवढ्या चिप्स देईलच असे नाही.

फिक्स्ड लिमिटमध्ये पैज लावणाऱ्याला तुमच्या अपुऱ्या हाताकडून योग्य दाम वसूल करता येत नाही. बाकीच्या दोन रचनांत ते येते. तुम्ही ओमाहाच्या टेबलावर सवयीने कॉल करत होतात असे लिहिले आहे. ती सवय तुमच्या जुन्या खेळात बहुतेक वेळा बरोबर होती.

किलवरदश्शी

गणित पटले, पण त्यातूनच माझा जुना आक्षेप सिद्ध होतो. फिक्स्ड लिमिट हा हिशेबनिसांचा खेळ आहे. वीस चिप्सना घाबरून कोणी पाने टाकत नाही, म्हणजे तिथे हूल देण्याला काही वावच नाही, आणि हूल नसलेल्या पोकरला पोकर का म्हणावे?

बेरीजवजाबाकी

हूल आहे, फक्त तिचा भाव वेगळा आहे. रिव्हरवर पॉट २०० असताना तुम्ही २० ची हूल दिली, तर ती अकरा वेळांतून एकदा यशस्वी झाली तरी तुमची मुद्दल सुटते, म्हणजे ९.१ टक्के पुरतात. पॉटइतकी हूल देणाऱ्याला ती निम्म्या वेळा यशस्वी व्हावी लागते. अर्थात समोरच्यालाही २२० साठी केवळ २० द्यायच्या आहेत, म्हणून तोही अगदी दुबळ्या हातावर कॉल करतो. हिशेबनीस हा शब्द मात्र मी शिवी म्हणून घेत नाही.

शेवटचेपान

किलवरदश्शी यांच्या आक्षेपात थोडे तथ्य आहे, आणि ते यंत्रांनी दाखवून दिले आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने जानेवारी २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जाहीर केले की दोघांमधला फिक्स्ड लिमिट होल्डम व्यवहारतः सुटला आहे. त्यांच्या 'सेफियस' या प्रणालीशी माणूस आयुष्यभर खेळला तरी तिची खेळी निर्दोष खेळीपासून वेगळी ओळखता येणार नाही, इतकी ती जवळ पोहोचली होती. दोघांमधल्या नो लिमिटची तशी उकल त्यांनी केली नव्हती. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्रेटस'ने चार व्यावसायिक खेळाडूंना २० दिवसांत १,२०,००० डावांवर हरवले, पण हरवणे वेगळे आणि खेळ पुरता सोडवणे वेगळे.

कारण पुन्हा रचनेतच आहे. फिक्स्ड लिमिटमध्ये पाळी आली की फार तर तीन वाटा असतात : पाने टाका, कॉल करा किंवा ठरलेली रेझ करा. नो लिमिटमध्ये रेझ किती हा स्वतंत्र प्रश्न प्रत्येक पाळीला उभा राहतो. दोघांच्या फिक्स्ड लिमिटमध्ये निर्णयाचे वेगवेगळे प्रसंग १० च्या १३ व्या घाताच्या घरात येतात, तर त्या सामन्यातल्या नो लिमिटमध्ये ते १० च्या १६१ व्या घाताच्या घरात होते. पत्त्यांचा जोड तोच ५२ पानांचा.

तरीही हे सगळे दोघांच्या खेळाबद्दल आहे. तिसरा माणूस बसला की फिक्स्ड लिमिटही त्या अर्थाने सुटलेला राहत नाही. शिवाय फिक्स्ड लिमिट म्हणजे भित्र्यांचा खेळ अशी कोणाची समजूत असेल, तर अँडी बील या बँकरने लास व्हेगासमधील व्यावसायिकांशी खेळलेले सामने आठवावेत. ते दोघांमधले फिक्स्ड लिमिट होल्डम होते आणि पैजेची पातळी एक लाख व दोन लाख डॉलरपर्यंत चढली होती.

इस्पिकराणी

मूळ ओमाहाबद्दल एक भर घालते. ओमाहा सहसा पॉट लिमिटच का खेळतात, असा प्रश्न नव्यांना पडतो. होल्डममध्ये दोन एक्के असलेला हात दोन राजांच्या हातापुढे सुमारे ८२ टक्के वेळा जिंकतो, म्हणून पहिल्याच फेरीत सगळ्या चिप्स ढकलण्याला अर्थ असतो. ओमाहात प्रत्येकाच्या हाती चार पाने असतात आणि दोन एक्क्यांचा हातही एखाद्या चांगल्या, जुळत्या रंगाच्या व लागोपाठच्या पानांपुढे साधारण साठ टक्क्यांच्या आसपास राहतो. अशा खेळात पहिल्याच फेरीत वाटेल तेवढे लावू दिले तर पुढच्या तीन फेऱ्यांचे कौशल्य बाजूलाच राहील. पॉट लिमिटमुळे चिप्स पायरीपायरीने आत जातात.

मात्र या पायऱ्या लहान नाहीत. फ्लॉपला पॉट ७५ असेल आणि दोघेही तिन्ही फेऱ्यांत पॉटइतकी पैज लावत-स्वीकारत गेले, तर ७५, मग २२५, मग ६७५ अशा एकूण ९७५ चिप्स प्रत्येकाच्या आत जातात. एक, तीन आणि नऊ मिळून तेरा : फ्लॉपवरच्या पॉटच्या तेरा पटीपर्यंतची रास रिव्हरपर्यंत संपवता येते. म्हणून पॉट लिमिटमध्ये फ्लॉपवर कॉल करताना समोरची पैज पाहायची नसते, समोरच्याची रास पाहायची असते.

चौकटगुलाम

हे तेरा पटीचे गणित वाचून मी त्या रात्रीचा डाव पुन्हा मांडून पाहिला. २८० लावल्यावर समोरच्याने कॉल केला, म्हणजे पॉट ६६० झाला, आणि माझ्याकडे साधारण ४०० उरल्या होत्या. टर्नवर मी विचार करत बसलो होतो की चेक करावे (पैज न लावता पाळी पुढे द्यावी) की थोडी पैज लावावी. आता दिसते की निर्णय आधीच होऊन गेला होता. उरलेली रास पॉटपेक्षा लहान असताना थोडी पैज या गोष्टीला अर्थच नव्हता. फिक्स्ड लिमिटमध्ये मागे किती उरले आहे याकडे मी कधी पाहिलेच नव्हते, कारण पाहण्याची गरजच पडत नसे.

एक प्रश्न राहिला. त्याच रात्री एकाने ऑल-इन केले, म्हणजे आपल्या सगळ्या चिप्स लावल्या, आणि त्यावर मला पुन्हा रेझ करता येईल की नाही यावरून वाद झाला. मी आधी १०० लावल्या होत्या, त्याच्याकडे १५० च होत्या त्या त्याने सगळ्या लावल्या, आणि तिसऱ्याने १५० चा कॉल दिला. मला रेझ करायची होती. वाटणाऱ्याने नाही म्हटले.

शेवटचेपान

वाटणारा पुन्हा बरोबर होता, त्याला माझा नमस्कार सांगा. नो लिमिट आणि पॉट लिमिटमध्ये रेझ ही आधीच्या पैजेइतकी किंवा आधीच्या वाढीइतकी तरी असावी लागते. तुमच्या १०० वर पूर्ण रेझ म्हणजे किमान २००. त्याने ५० च वाढवल्या, कारण त्याच्याकडे तेवढ्याच होत्या. ऑल-इन असल्यामुळे ते चालते, पण ती पूर्ण रेझ होत नाही. ज्याने त्या फेरीत आपली पाळी आधीच खेळली आहे, त्याच्यासाठी अपुऱ्या ऑल-इनमुळे रेझचे दार पुन्हा उघडत नाही. तुम्हाला ५० देऊन कॉल करता येत होता किंवा पाने टाकता येत होती. तिसऱ्या खेळाडूची पाळी मात्र पहिल्यांदाच आली होती, म्हणून त्याला रेझ करता आली असती. त्याने पूर्ण रेझ केली असती तर तुमचेही दार उघडले असते.

फिक्स्ड लिमिटमध्ये हाच नियम अर्ध्यावर थांबतो. टर्नवर २० च्या पैजेवर कोणी ३२ चे ऑल-इन केले, तर वाढ १२ ची म्हणजे अर्ध्याहून अधिक झाली, आणि पहिल्याला पुन्हा रेझ करता येते. तेच ऑल-इन २६ चे असेल तर नाही. बरीच भांडणे या एका नियमावरून होतात, कारण लोक एका रचनेतला नियम दुसऱ्या रचनेत घेऊन जातात.

किलवरदश्शी

स्प्रेड लिमिटचे नाव कोणीच काढले नाही. ती रचना नेमकी कुठे बसते?

शेवटचेपान

फिक्स्ड आणि नो लिमिट यांच्या मध्ये. २ ते १० स्प्रेड याचा अर्थ प्रत्येक पैज २ पासून १० पर्यंत कितीही असू शकते, आणि रेझ आधीच्या पैजेहून कमी असू नये. तिचे एक ठळक उदाहरण कायद्यामुळे घडले. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९९१ मध्ये मर्यादित जुगार सुरू झाला तेव्हा एका पैजेची कमाल मर्यादा ५ डॉलर होती. २००९ मध्ये ती १०० डॉलर झाली आणि २०२१ मध्ये राज्याची मर्यादा उठली. मधल्या काळात तिथे खरा नो लिमिट मांडणे शक्यच नव्हते, म्हणून २ ते १०० स्प्रेड हा त्याचा पर्याय झाला. सुरुवातीच्या फेऱ्यांत तो नो लिमिटसारखाच वाटतो. पॉट चारशे-पाचशेवर गेला की तेच १०० फिक्स्ड लिमिटच्या छोट्या पैजेसारखे वागू लागतात. एकाच डावात रचना बदलल्याचा भास होतो. मला ती मजा आवडते, पण हे वैयक्तिक मत समजावे.

नो लिमिट आज सर्वत्र दिसतो, हेही फार जुने नाही. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर ही स्पर्धा १९७० पासून भरते आणि तिची मुख्य स्पर्धा नो लिमिट होल्डमची असते, परंतु रोजच्या खेळाच्या टेबलांवर दीर्घकाळ फिक्स्ड लिमिटचेच राज्य होते. २००३ मध्ये ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेल्या ख्रिस मनीमेकरने ८३९ जणांत मुख्य स्पर्धा जिंकली आणि पुढच्या वर्षी २,५७६ जण आले. नवे खेळाडू टीव्हीवर ऑल-इन पाहून आले होते. त्यांना तोच खेळ हवा होता.

इस्पिकराणी

सक्तीच्या पैजांबद्दल दोनच ओळी. होल्डम आणि ओमाहात दोघांचे ब्लाइंड असतात. सेव्हन कार्ड स्टडमध्ये (काही पाने उघडी वाटण्याचा प्रकार) सगळ्यांचा अँटी, म्हणजे डावाआधी प्रत्येकाने द्यायची छोटी रक्कम, असतो आणि ज्याचे उघडे पान सर्वांत लहान त्याला ब्रिंग-इन, म्हणजे सक्तीची पहिली पैज, द्यावे लागते, तर सर्वांत कमी हात जिंकणाऱ्या रॅझमध्ये सर्वांत मोठे उघडे पान असलेल्याला. सक्तीची रक्कम जितकी मोठी तितके पानांची वाट पाहत बसणे महाग पडते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

चौकटगुलाम

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही आता खेळ मांडण्यापूर्वी एका कागदावर रचना, ब्लाइंड, रेझची संख्या आणि ऑल-इनचा नियम लिहून टेबलाच्या मध्यभागी ठेवतो. कालच्या बैठकीत त्यातलीच एक जागा रिकामी राहिली : फिक्स्ड लिमिटमध्ये तीन रेझची मर्यादा दोघेच उरल्यावरही लागू होते का?

बेरीजवजाबाकी

रोजच्या खेळात बऱ्याच ठिकाणी दोघेच उरले की ती उठते आणि रास संपेपर्यंत रेझवर रेझ करता येते. मूळ हेतू दोन खेळाडूंनी मिळून मधल्या तिसऱ्याला चिरडू नये हा आहे, आणि तिसरा नसेल तर त्या हेतूला काही काम उरत नाही. स्पर्धांत मात्र सहसा शेवटचे दोन खेळाडू उरेपर्यंत मर्यादा प्रत्येक डावात कायम असते. तुमच्या कागदावर "दोघे असल्यास मर्यादा नाही" असे लिहा, आणि रेझची मर्यादा गाठली जाण्याआधी दोघे उरले असतील तरच, हेही त्याच ओळीत लिहा.